संगणकीय दप्तर संस्थेच्या हाती राहावे : सहकार आयुक्तांना खुले पत्र

मा. सहकार आयुक्त व निबंधक,
सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखाने, गावोगावच्या दूध संस्था, नागरी बँका, पतसंस्था आणि विकास सेवा संस्था, म्हणजे सोसायट्या, यांचा हिशेब गेल्या काही दशकांत खतावण्यांतून संगणकात उतरला, आणि आज या जिल्ह्यात असा शेतकरी क्वचितच सापडेल, ज्याच्या कर्जाची, उसाची, दुधाची किंवा ठेवीची एकही नोंद कोणत्याच संस्थेच्या डेटाबेसमध्ये नाही. यंत्रे बदलली, पुरवठादार बदलले तरी ही नोंद सुखरूप पुढे जाईल, याची हमी मात्र संस्थांच्या खरेदी-करारांत सहसा आढळत नाही. आढळते ते वेगळेच कलम : सॉफ्टवेअर कोणत्याही डेटाबेसवर चालणारे असावे. पुरवठादार या कलमाला आनंदाने होकार देतो, संचालक मंडळ समाधान मानते, आणि संस्था एका कंपनीवर कायमची अवलंबून राहू नये हा त्या कलमामागचा रास्त हेतू तिथेच विरून जातो. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे की, मोकळीक मागण्याची जागा चुकली आहे. सॉफ्टवेअर सगळ्या डेटाबेसवर चालावे हा हट्ट बहुतेक संस्थांना महागात पडणारा आहे, तर संस्थेचे दप्तर कोणत्याही क्षणी, कोणत्याही सॉफ्टवेअरमधून, पूर्ण अर्थासह बाहेर काढता यावे ही मागणी मात्र सहकार खात्याने सक्तीची करावी इतकी मूलभूत आहे.

डेटाबेस म्हणजे संस्थेच्या नोंदी तक्त्यांच्या रूपात साठवणारी, अनेक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी केलेले फेरफार एकमेकांत मिसळू न देणारी आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेणारी यंत्रणा होय. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल ही तिची प्रचलित रूपे. उसाचे बिल कसे काढायचे, व्याज कोणत्या तारखेपासून लावायचे, लाभांश कसा वाटायचा हे नियम सांभाळणारे व्यवसाय-सॉफ्टवेअर या यंत्रणेवर उभे असते. हे सारे डेटाबेस मूळचे एकाच विचारातून निघाले. आयबीएममधील शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली नोंदी तक्त्यांत मांडण्याचा सिद्धान्त दिला, त्याच कंपनीत त्यासाठी एसक्यूएल ही प्रश्नभाषा घडली, आणि ती १९८६ साली अमेरिकेचे व १९८७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. भाषा प्रमाणित असेल तर त्या भाषेत लिहिलेले सॉफ्टवेअर एका डेटाबेसवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येईल, अशी अपेक्षा त्यामुळे सहज निर्माण होते. प्रत्यक्षात प्रत्येक उत्पादकाने प्रमाणाच्या पुढे जाऊन आपापल्या सोयी वाढवल्या, आणि जिथे प्रमाण मोघम होते किंवा उशिरा आले तिथे आपापले अर्थ लावले.

हा फरक किती खोलवर जातो हे पाहण्यासाठी सभासद-यादीतील नावाचा एकच रकाना पुरेसा आहे. आजच्या सर्वमान्य यूनिकोड पद्धतीत, तिच्या यूटीएफ-८ या रूपात, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलंत ही सारी स्वतंत्र चिन्हे मानली जातात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. त्यापुढे एक मोकळी जागा आणि ‘पांडुरंग’ हे वडिलांचे नाव जोडले की एकूण पंचावन्न बाइट होतात, आणि आडनाव अजून यायचेच असते. आता नावाचा रकाना पन्नास लांबीचा ठेवला आहे असे धरले, तर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल त्याचा अर्थ पन्नास चिन्हे असा घेतो आणि नाव आडनावासकट बिनतक्रार बसते. ओरॅकल, वेगळी सूचना दिली नसेल तर, त्याच पन्नासाचा अर्थ पन्नास बाइट असा घेतो आणि नोंदच नाकारतो. एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या मजकूर-रकान्यात हेच नाव नेहमीच्या मांडणीत घातले तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ उमटते, कारण तिथे देवनागरीसाठी वेगळ्या प्रकारचा रकाना वापरावा लागतो. इंग्रजी नावांवर चाचणी घेऊन ‘सर्वत्र चालते’ असा निर्वाळा देणाऱ्या पुरवठादाराला यांतले काहीच दिसलेले नसते.

नावापाशी झालेली चूक निदान डोळ्यांना दिसते. हिशेबातील चूक दिसतही नाही. पूर्णांक रकान्यातील सातला दोनने भागले असता ओरॅकल आणि मायएसक्यूएल साडेतीन हे उत्तर देतात, तर एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेएसक्यूएल अपूर्णांक टाकून देऊन तीन हे उत्तर देतात, आणि दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असतात. मुद्दाम कोरा ठेवलेला रकाना आणि माहितीच नसलेला रकाना यांत इतर डेटाबेस फरक करतात, ओरॅकल तो करत नाही. त्यामुळे वारसाचे नाव न नोंदवलेल्या सभासदांची यादी मागणारी एकच आज्ञा एका ठिकाणी शंभर नावे देईल आणि दुसऱ्या ठिकाणी एकही देणार नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रसंग आणखी निराळा. हंगाम भरात असताना रात्रभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, आणि त्याच वेळी शेती विभागात कोणी पंधरवड्याचा मोठा अहवाल काढायला घेतो. ओरॅकल आणि पोस्टग्रेएसक्यूएल वाचणाऱ्याला जुनी प्रत दाखवून लिहिणाऱ्याला वाट मोकळी ठेवतात. एसक्यूएल सर्व्हर त्याच्या मूळ मांडणीत वाचल्या जाणाऱ्या नोंदींना कुलूप लावतो, आणि तो अहवाल मोठा असेल तर काट्यावरची नोंद खोळंबू शकते. वेगळी मांडणी करून हे टाळता येते, पण ते टाळायचे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच. डेटाबेस बदलणे म्हणजे गोदाम बदलणे असा जो समज खरेदी समित्यांत रुजला आहे, तो या कारणांनी निराधार ठरतो.

तरीही सॉफ्टवेअर अनेक डेटाबेसवर चालवायचेच असेल, तर त्याला दोनच मार्ग आहेत. पहिला मार्ग सगळ्या डेटाबेसमध्ये समान असेल तेवढेच वापरण्याचा, म्हणजे ज्या खास सोयींसाठी एखादा डेटाबेस विकत घेतला त्या सोयी बंद ठेवण्याचा. दुसरा मार्ग मध्ये भाषांतर करणारा थर घालून प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी बाजू लिहिण्याचा, आणि मग प्रत्येक सुधारणा तितक्याच वेळा तपासण्याचा. जर्मनीच्या सॅप या कंपनीने हे काम जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. १९९२ साली आलेले तिचे आर-३ हे उद्योग-सॉफ्टवेअर ओरॅकल, इन्फॉर्मिक्स, डीबी-२, पुढे एसक्यूएल सर्व्हर अशा अनेक डेटाबेसवर चालत असे, त्यासाठी तिने एसक्यूएलची स्वतःची मर्यादित बोली तयार केली होती आणि हिशेबाचे बहुतेक काम डेटाबेसबाहेर ठेवले होते. त्याच सॅपने २०१५ साली आपली नवी पिढी एस-४ हाना ही केवळ स्वतःच्या हाना या डेटाबेसवरच चालेल असे ठरवले, आणि जुन्या पिढीचा नियमित आधार २०२७ अखेरपर्यंतच राहील असे पुढे जाहीर केले. अनेक डेटाबेसवर चालण्याची सोय ही पुरवठादाराने दिलेली सोय असते आणि पुरवठादार ती काढूनही घेऊ शकतो, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. उलट बाजूने पाहता अॅमेझॉनने आपल्या किरकोळ विक्री व्यवसायातील शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितले. सुमारे साडेसात हजार डेटाबेसांतील पंच्याहत्तर पेटाबाइट माहिती हलवायला त्या कंपनीला काही वर्षे लागली, आणि तिच्याकडे हजारो अभियंते होते. पन्हाळा किंवा भुदरगड तालुक्यातील एखाद्या पतसंस्थेकडे एक संगणक चालक असतो.

म्हणून ज्या संस्थेने एकदा सॉफ्टवेअर घेतले आणि पुढची पंधरा वर्षे त्यावर काम केले, तिच्या दृष्टीने सर्वत्र चालण्याच्या क्षमतेचा उपयोग जवळपास शून्य असतो आणि खर्च मात्र पुरेपूर असतो. हीच क्षमता पुरवठादाराला उपयोगी असते, कारण त्याला वेगवेगळ्या ग्राहकांना माल विकायचा असतो. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली येथे सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत, त्यांना स्थानिक व्यवहाराची जाण आहे, दुधाचे फॅट आणि एसएनएफवरचे दरपत्रक किंवा सोसायटीची वजावट त्यांना समजावून सांगावी लागत नाही. अशा कंपनीने चार डेटाबेस सांभाळण्यात शक्ती घालवण्यापेक्षा एकच डेटाबेस नीट ओळखून, त्याची सगळी ताकद वापरून, मराठी नावे आणि पैशाचे हिशेब अचूक ठेवणारे सॉफ्टवेअर लिहावे हे संस्थांच्या हिताचे आहे. त्याला एक अट मात्र जोडायला हवी : तो एक डेटाबेस परवाना-शुल्क न लागणारा आणि मूळ संकेत खुला असलेला असावा, किंवा निदान अशा एका डेटाबेसवर सॉफ्टवेअर पूर्ण क्षमतेने चालावे.

या अटीमागे तत्त्वाइतकाच पैशाचा विचार आहे. ओरॅकलच्या मोठ्या आवृत्तीची जाहीर दरयादीतील किंमत वर्षानुवर्षे प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर राहिली आहे. तेवढा खर्च गावातील संस्था करत नाही, म्हणून पुरवठादार तिला एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस ही मोफत आवृत्ती बसवून देतो. या आवृत्तीत एका डेटाबेसला दीर्घकाळ १० गिगाबाइटची मर्यादा राहिली, आणि सभासदांची छायाचित्रे, सह्या व कागदपत्रांच्या प्रतिमाही त्यातच साठवल्या की ही मर्यादा काही वर्षांत गाठली जाते. मर्यादा गाठल्यावर नवी नोंद होत नाही. जुने दप्तर आत आहे, बाहेर निघण्याची वाट नाही, आणि विकतची आवृत्ती घेण्याचा निर्णय ऐन मार्चअखेरीस घ्यावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएल हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९८६ साली सुरू झालेल्या संशोधनातून वाढलेला डेटाबेस आज बँकांचा भार पेलण्याइतका सक्षम आहे, त्याला परवाना-शुल्क नाही, आणि त्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. मालकीचा मुद्दा सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे : मायएसक्यूएलही खुलाच होता, पण ओरॅकलने २०१० साली त्याची मालक असलेली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली तेव्हा तो ओरॅकलच्या हाती गेला, आणि त्याच्या मूळ कर्त्याला मारियाडीबी या नावाने वेगळी चूल मांडावी लागली. मूळ संकेत खुला होता म्हणूनच ती मांडता आली. केंद्र सरकारने २०१० साली खुल्या मानकांचे आणि २०१५ साली खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले आहे. सहकारी संस्थांच्या खरेदीत त्याचे प्रतिबिंब उमटू नये याला काही कारण दिसत नाही.

सॉफ्टवेअर आणि डेटाबेस या दोहोंपेक्षा जास्त काळ टिकणारी गोष्ट म्हणजे नोंद. १९८० आणि ९० च्या दशकांत संस्थांचे संगणकीकरण झाले ते बहुतांशी डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो यांवर. फॉक्सप्रो १९९२ साली मायक्रोसॉफ्टने घेतले, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली निघाली, आणि २०१५ च्या जानेवारीत त्याचा आधार पूर्ण थांबला. त्या काळातील सॉफ्टवेअर आज चालवणे अवघड आहे, परंतु त्यांची डीबीएफ ही माहितीची फाइल लिब्रे ऑफिससारख्या मोफत साधनात आजही उघडते, कारण तिची रचना सर्वांना ठाऊक होती आणि तिला कुलूप नव्हते. त्या साध्या यंत्रणांनी जी मोकळीक नकळत दिली, ती नंतरच्या अधिक समर्थ यंत्रणांनी काढून घेतली. आजचे संस्थेचे ‘बॅकअप’ म्हणजे बहुधा त्याच कंपनीच्या त्याच डेटाबेसमध्ये उघडणारी एक बंद फाइल असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगेकाठच्या संस्थांना दप्तराची प्रत उंचावर आणि दूर ठेवण्याचा धडा दिला, परंतु ती प्रत मूळ सॉफ्टवेअरविना उघडत नसेल तर ती पुरातून वाचूनही हाती लागत नाही.

मराठी मजकुराची कथा याहून बिकट आहे. यूनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा अक्षरसंचांच्या आधारे मराठी लिहिले जात असे. या पद्धतींत बहुधा अक्षराचे दिसणे साठवले जाई, अक्षर नव्हे. संगणकाच्या स्मृतीत इंग्रजी चिन्हांची माळ असे आणि विशिष्ट फाँट लावल्यावर तिचे मराठी होई. पुण्याच्या सीडॅकने आयएससीआयआय या भारतीय संकेताच्या घडणीत मोठा वाटा उचलला, तो १९९१ साली राष्ट्रीय प्रमाणही झाला, पण बाजारात प्रत्येक फाँटची लिपी निराळीच राहिली. अशा जुन्या यादीचे यूनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार, ‘ऱ्या’मधला अर्धा र, ‘द्ध’, ‘ह्य’ यांसारखी जोडाक्षरे हमखास बिघडतात. ‘चौधरी’ सरळ उतरते, पण ‘वऱ्हाडे’ आणि ‘सूर्यवंशी’ यांची चिरफाड होते, आणि आधार कार्डावरील नावाशी मेळ न बसल्याने पुढच्या कोणत्याही योजनेत तोच सभासद अडकतो. कर्जमाफीच्या वेळी, विशेषतः २०१७ साली, विहित नमुन्यात माहिती भरताना जिल्हा बँका आणि सोसायट्यांचे सचिव यांची जी ओढाताण झाली ती आपल्या कार्यालयाने जवळून पाहिली आहे.

दप्तर बाहेर काढणे म्हणजे केवळ तक्ते बाहेर काढणे नव्हे, हे येथे ठासून सांगायला हवे. उदाहरणादाखल एका ऊस उत्पादकाची एक रक्कम घेऊ. त्याचा ऊस कारखान्याला गेला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे चौदा दिवसांत त्याचे एफआरपीचे, म्हणजे रास्त व किफायतशीर दराचे, देणे द्यायचे असते आणि उशिरावर १५ टक्के व्याज लागते. कारखाना त्या बिलातून सोसायटीच्या पीककर्जाची वजावट करतो, ती रक्कम जिल्हा मध्यवर्ती बँकेत जमा होते, आणि नंतर सोसायटी ती सभासदाच्या कर्जखाती खतवते. या एका रकमेला तीन तारखा असतात : वजावटीची, बँकेत जमा होण्याची आणि खतवण्याची. पीककर्जाची परतफेड मुदतीत झाली तरच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. त्यामुळे यांतली कोणती तारीख परतफेडीची मानली, यावर त्या शेतकऱ्याचे व्याज ठरते. डेटाबेसमध्ये या तारखांचे रकाने ‘डीटी-१’, ‘डीटी-२’, ‘डीटी-३’ अशा नावांचे असू शकतात, व्यवहाराचा प्रकार केवळ एका अंकाने दाखवलेला असू शकतो, आणि कोणती तारीख ग्राह्य धरायची हा नियम डेटाबेसच्या आत साठवलेल्या छोट्या आज्ञावलीत, ज्याला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात, दडलेला असू शकतो. संस्थेने पुरवठादार बदलला आणि त्याने सगळे तक्ते प्रामाणिकपणे काढून दिले, तरी त्या अंकांचा आणि रकान्यांचा अर्थ दिला नाही, तर नव्या पुरवठादाराच्या हाती आकड्यांचा ढीग येतो आणि व्याजाचा हिशेब अंदाजाने करावा लागतो. प्रत्येक रकान्याचा, प्रत्येक संकेत-अंकाचा आणि प्रत्येक हिशेबी नियमाचा साध्या मराठीत लिहिलेला अर्थकोश, ज्याला डेटा डिक्शनरी म्हणतात, हा म्हणून दप्तराचाच भाग मानला गेला पाहिजे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये दप्तराला जे स्थान आहे ते या संदर्भात आठवावे. कलम ३२ सभासदाला कागदपत्रे पाहण्याचा हक्क देते, कलम ८१ लेखापरीक्षणाची व्यवस्था लावते, आणि दप्तरात फेरफार होण्याची किंवा ते नष्ट केले जाण्याची शक्यता असेल तर कलम ८० निबंधकाला ते ताब्यात घेण्याचा अधिकार देते. खतावण्यांच्या काळात हा अधिकार प्रत्यक्ष होता. कपाट उघडून, पंचनामा करून वह्या ताब्यात घेता येत. आज संस्थेच्या कार्यालयातला संगणक ताब्यात घेतला तर त्यात कदाचित फक्त पडदा आणि कळफलक असतो, नोंदी दूरच्या एखाद्या सर्व्हरवर, पुरवठादाराच्या पासवर्डामागे असतात. अधिनियमाने दिलेला अधिकार असा करारातल्या मौनामुळे पोकळ होऊ देणे सहकार खात्याला परवडणारे नाही.

दूरच्या सर्व्हरवर अनेक संस्थांचे काम एकत्र चालवण्यात काटकसर आहे, तज्ज्ञ देखरेख आहे, आणि लहान संस्थेला स्वतःचा सर्व्हर सांभाळावा लागत नाही. या व्यवस्थेला विरोध करण्याचे कारण नाही. पण एकत्र येण्यातून जोखीमही एकत्र येते. सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या कंपनीवर २०२४ च्या जुलैअखेरीस खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचे उघड झाले, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते वेगळे केले, आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या, त्यांत अनेक सहकारी बँकांच्या, ग्राहकांचे व्यवहार अडले. ती सेवा लवकर पूर्ववत झाली. ती लवकर झाली नसती तर आपल्या खातेदारांच्या शिलकीची, बाहेर उघडू शकणारी, आदल्या रात्रीची प्रत किती बँकांजवळ होती, हा प्रश्न त्या प्रसंगाने उभा केला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली, त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरवली आणि सर्वांसाठी एक समान राष्ट्रीय सॉफ्टवेअर नाबार्डच्या देखरेखीखाली आणले. एकसारखी हिशेबपद्धती हा या योजनेचा मोठा लाभ आहे, आणि सोसायटीचा हिशेब जिल्हा बँकेच्या हिशेबाशी जोडला जाणे ही कोल्हापूरसारख्या जिल्ह्याची जुनी गरज आहे. परंतु जितके सॉफ्टवेअर समान, तितकी त्यातून बाहेर पडण्याची वाट आधी आखलेली असणे अधिक निकडीचे.

कोल्हापूर जिल्ह्याला या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहात १९९८ साली केंद्र, राज्य आणि वारणा यांच्या सहभागाने वायर्ड व्हिलेज हा प्रकल्प सुरू झाला, आणि सत्तर गावांतून ऊस नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिल गावातच समजावे म्हणून संगणक केंद्रे उघडली गेली. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्यांतील सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइलवरील लघुसंदेशाचा प्रयोग केला, आणि शेतकऱ्याला हवी असलेली माहिती त्यातूनही मिळते असे दिसले. गावातला संगणक जाऊन तिथे मोबाइल आला. शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहिला, माझा ऊस किती भरला आणि पैसे किती झाले. या प्रश्नाचे उत्तर ज्या नोंदीत आहे, ती नोंद यंत्रापासून सुटी करता आली म्हणूनच यंत्र बदलता आले.

पुरवठादारांकडून या मागणीवर दोन आक्षेप येतील. तक्त्यांची रचना हे आमचे व्यवसाय-गुपित आहे, असे एक म्हणणे असेल. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या मालकीचे आहे हे निर्विवाद, परंतु सभासदाच्या कर्जाची तारीख आणि तिचा अर्थ ही पुरवठादाराची निर्मिती नव्हे. प्रताधिकार कायद्यानेही १९९९ च्या दुरुस्तीपासून दोन सॉफ्टवेअरांचा परस्परमेळ साधण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याला मर्यादित मुभा दिली आहे. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो गंभीर आहे. खुल्या स्वरूपातील प्रत चुकीच्या हाती पडली तर सभासदांचे आधार क्रमांक आणि खाती उघडी पडतील, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारी संस्थेवर येईल. यावर उपाय प्रत कुलूपबंद ठेवण्याचा आहे, मात्र किल्ली संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांकडे आणि निबंधक कार्यालयाकडे असावी, एकट्या पुरवठादाराकडे नव्हे.

आपल्या कार्यालयाकडे म्हणून अशी विनंती आहे की, सहकारी संस्थांच्या सॉफ्टवेअर खरेदीसाठी नमुना करार प्रसिद्ध करावा, आणि आवश्यक तिथे कलम ७९अ अन्वये निदेश देण्याची शिफारस राज्य शासनाकडे करावी. त्या करारातून ‘कोणत्याही डेटाबेसवर चालणारे’ हे शब्द वगळावेत आणि त्यांच्या जागी शुल्कमुक्त आणि मूळ संकेत खुला असलेल्या एका डेटाबेसवर पूर्ण क्षमतेने चालण्याची अट घालावी. सर्व मराठी मजकूर यूनिकोडमध्ये असावा. सगळे तक्ते, अर्थकोश आणि हिशेबाचे नियम दरवर्षी, आणि करार संपताना विनाशुल्क, संस्थेच्या हवाली व्हावेत. आणि हे सारे कागदावर न राहता तपासले जावे. तपासणी अवघड नाही. वैधानिक लेखापरीक्षकाने दरवर्षी काही सभासदांची खाती बाहेर काढलेल्या प्रतीवरून, मूळ सॉफ्टवेअरला हात न लावता, व्याजासह पुन्हा मांडून पाहावीत, आणि शिलकीचा मेळ बसला की नाही हा शेरा अहवालात लिहावा. ज्या संस्थेचा मेळ बसला नाही, तिचे दप्तर तिच्या ताब्यात नाही, असेच समजावे लागेल.

सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २०२२ ची मंजुरी पाच वर्षांसाठी होती. ती मुदत संपताना देखभालीचे नवे करार करावे लागतील आणि त्यांवर हजारो संचालक मंडळांच्या सह्या होतील. नमुना करार त्या सह्यांपूर्वी निघावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.

कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी संस्थांच्या सभासदांच्या वतीने